टेरिकॉटचा ॲप्रन



प्रयोगशाळांतल्या मंडळींच्या या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्ष म्हणून माझ्या नावापुढे ‘संरक्षक साधनांचा आढावा’ असं छापलंय. चष्मे, मुखपट्ट्या, फ्यूम हूड यांवर निबंध वाचले जाणारच आहेत. आढावा त्यांतून मिळेल. मी ॲप्रनवर बोलणार आहे. नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती. आता माझा गोपनीय अहवाल कोण लिहिणार?

सकाळी हातमोजे लॅटेक्सचे की नायट्राइलचे, यावर आवाज चढले. मी पोरांसमोर नायट्राइलच्या हातमोज्यात ॲसिटोन ओतून तो स्टँडला टांगायचो. चहा संपेपर्यंत तो फुगून लिबलिबीत व्हायचा. तोच हातमोजा सौम्य आम्लाला मात्र छान टिकायचा. आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचा, मग हातमोजा निवडा. माझ्यापुरता वाद मिटला.

आता ॲप्रन. प्रवेश झाला की पोरं गणवेशाच्या दुकानातून तो आणतात. परिचरांना भांडारातून मिळतो. दोन्ही बहुधा टेरिकॉटचे. का, तर चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही आणि तपासणी समितीसोबतच्या फोटोत झकास दिसतो. अहो, टेरिकॉट म्हणजे सुतात मिसळलेलं पॉलिस्टर! ते साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि कातडीला चिकटतं. सूतही जळतं, पण वितळून अंगाला डसत नाही.

आमच्याकडे एका परिचराची बाही बर्नरला लागली. आग लगेच विझवली, पण बाहीची किनार मनगटावर चिकटून बसली होती. डॉक्टरांनी ती कातडीसकट सोडवली. चौकशीच्या कागदावर शेरा आला: ‘कर्मचाऱ्याने ॲप्रन परिधान केला होता.’ झालं, संस्था सुटली! सुती ॲप्रनचा प्रस्ताव मी त्याआधी दिला होता, नंतरही देत राहिलो. उत्तर ठरलेलं: सर्वांत कमी दर टेरिकॉटचा.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्ट-ब्युटिल लिथियम काढत होती. हवा लागताच पेटणारं ते द्रव्य. दट्ट्या निसटला. अंगात ॲप्रन नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. १६ जानेवारी २००९ ला ती गेली. पुढे तिच्या प्राध्यापकावर फौजदारी खटला भरला गेला. आपल्याकडे भांडारपालाला साधं पत्रही जात नाही.

एक सहकारी मला म्हणाले, “सर, सुती ॲप्रन फार मळतो.” मळू दे की! पांढरा रंग त्यासाठीच असतो. फक्त तो धुवायचा कुठे, हे कोणी सांगत नाही. परिचर घरी नेतो आणि लेकरांच्या कपड्यांबरोबर त्याच बादलीत भिजवतो. संस्थेनेच ॲप्रन धुऊन द्यावेत, यासाठी एक समिती नेमावी म्हणतो. तपशील कार्यकारिणी ठरवेल.

तुम्ही मात्र समितीची वाट पाहू नका. सोमवारी कामावर गेलात की ॲप्रनच्या आतल्या बाजूने कापडाचा एक धागा काढा. द्रावकांपासून लांब, मोकळ्यावर, चिमट्यात धरून त्याला काडी लावा. नुसती राख पडली तर ठीक. टोकाला कडक मणी धरला तर तो ॲप्रन भांडारात परत करा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.