खेळता की थांबता?
(आकाशवाणीवरील भाषण)



सन 2000 मधली गोष्ट. पावसाळा लागला होता. आमच्या गल्लीत केबलचं कनेक्शन तीनच घरी, आणि त्यातलं एक माझ्याकडे. 3 जुलैला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि आठवडाभरात माझ्या बैठकीची चावडी झाली. रात्रीचे नऊ वाजायच्या आत लोक जेवणं उरकून हजर. सतरंजीवर पोरं, खाटेवर बाया, आणि दाराच्या चौकटीला टेकून शेजारचे आबाजी. त्यांची शेती आठ एकर, सगळी कोरडवाहू. शिक्षण चौथी. हिंदी समजायचं, पण चार पर्याय वाचून होईस्तोवर पडद्यावरून निघून जायचे. तरी एक दिवस खाडा नाही.

मी गणिताचा मास्तर. माझं सगळं लक्ष प्रश्नाकडे. अकबराचा सेनापती कोण, कोणत्या नदीवर कोणतं धरण, हे आपल्याला येतं की नाही हे पाहण्यात मी गुंग. आबाजींचं लक्ष मात्र भलतीकडेच असायचं. एकदा एक तरुण 6 लाख 40 हजारांवर पोचला, पुढच्या प्रश्नाला अडला आणि घाम पुसायला लागला. मी उत्तर आठवत होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "थांब ना बे आता! कायले लोभ करतं?"

तो थांबला नाही. चुकला, आणि 3 लाख 20 हजारांवर आला. आबाजींनी चुकचुकत खांद्यावरचा दुपट्टा सावरला आणि निघून गेले.

आज मी याच गोष्टीवर बोलणार आहे. दूरदर्शन संचावरच्या या खेळांमध्ये प्रश्नोत्तरं वरवरची असतात. खरा प्रश्न एकच, आणि तो पडद्यावर कधी लिहून येत नाही: खेळता, की थांबता?

आधी खेळाचं कूळ सांगतो. आपल्याकडे प्रश्नमंजूषा घरोघरी नेली ती रेडिओने. बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट 1972 साली रेडिओवर आली. आधी हमीद सयानी आणि त्यांच्यामागे त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी ती चालवत. टीव्हीवर ती पुढे 1992 मध्ये गेली. दरम्यान 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं होतं. पण या सगळ्या हुशार मुलांच्या स्पर्धा. ज्याला जास्त येतं तो जिंकतो, हरणाऱ्याचं काही जात नाही.

1998 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' सुरू झालं आणि या साध्या गोष्टीला एक पीळ पडला. बरोबर उत्तर दिलं की रक्कम वाढते, साधारण दुप्पट होते. पण कमावलेलं पुढच्या प्रश्नाला पणाला लागतं. प्रश्न पाहून, चारही पर्याय पाहून, तुम्ही म्हणू शकता की मी इथेच थांबतो. मग तोपर्यंतचं तुमचं. नाही थांबलात आणि चुकलात, तर मागच्या पडावापर्यंत घसरण. आपल्याकडे सुरुवातीला पहिला पडाव 10 हजारांचा, दुसरा 3 लाख 20 हजारांचा होता. तिथे एकदा पाय लागला की त्याच्या खाली कोणी ढकलत नाही. हा सगळा साचा सिद्धार्थ बसूंनीच हिंदीत उभा केला, अमिताभ बच्चन समोर बसले, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. सन 2000 मध्येच पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी मुलगा, हर्षवर्धन नवाथे. पुढे 2013 मध्ये सचिन खेडेकरांनी हा खेळ मराठीत आणला. 2019 मध्ये त्याच खुर्चीसमोर नागराज मंजुळे बसले.

आता या खेळातली मदत पाहू. मूळच्या लाइफलाइन तीन: पन्नास-पन्नास, मित्राला फोन, आणि प्रेक्षकांचा कौल. आम्हा शिकलेल्यांना वाटतं, मित्राला फोन करणं सगळ्यांत शहाणपणाचं. एखादा प्राध्यापक गाठावा आणि मोकळं व्हावं. अमेरिकेतल्या खेळाचा हिशेब जेम्स सुरोविएकी या लेखकाने 2004 च्या आपल्या पुस्तकात दिला आहे. फोनवरचे जाणकार शंभरात 65 वेळा बरोबर निघाले. आणि स्टुडिओत सहज येऊन बसलेले प्रेक्षक? शंभरात 91 वेळा.

हे कसं होतं? समजा, शंभर माणसं बसली आहेत. त्यातल्या फक्त वीस जणांना उत्तर येतं. उरलेले ऐंशी अंदाजाने बटण दाबतात, म्हणजे चार पर्यायांत वीस-वीस विखुरतात. बरोबर उत्तराला हे वीस आणि जाणणारे वीस मिळून चाळीस. बाकी प्रत्येकाला वीसच. म्हणजे ऐंशी माणसं अडाणी असूनही सभा शहाणी ठरली! न जाणणाऱ्यांचा गोंधळ एकमेकांत जिरतो आणि जाणणाऱ्यांचा आवाज तेवढा वर उरतो. आपले लोक पाचामुखी परमेश्वर म्हणतात, त्याचं गणित हे असं आहे.

मात्र एक अट आहे. त्या ऐंशी जणांनी ज्याच्या-त्याच्या मनाने चुकायला हवं. सगळ्यांच्या कानात एकच अफवा आधीच घातली असेल, तर ऐंशी बटणं एकाच चुकीच्या पर्यायावर पडतात आणि परमेश्वर पळून जातो. कृषी केंद्रासमोरच्या रांगेत हे मी पाहिलं आहे. "या वाणाले लय बोंडं लागते म्हनते" असं एकाने म्हणायचं, आणि अख्ख्या गावाने त्याच पाकिटावर तुटून पडायचं. कौल तोच, पण प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने दिलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

आपल्या यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे तुम्हाला आठवत असतील. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना 1,500 रुपये मानधनावर. 2019 मध्ये त्यांनी हिंदीतल्या याच खेळात 1 कोटी जिंकले. त्यांच्या पगाराने 1 कोटी रुपये जमायला साडेपाचशे वर्षांच्या वर लागली असती. मग आला 7 कोटींचा प्रश्न, आणि बाई थांबल्या.

आता माझ्यातला गणिताचा मास्तर काय म्हणतो पाहा. उत्तर अजिबात येत नाही, डोळे मिटून चारातला एक पर्याय निवडायचा, असं धरू. असा डाव चार वेळा खेळला, तर सरासरीने एकदा 7 कोटी मिळतील आणि तीनदा घसरून 3 लाख 20 हजार. सगळं मिळून 7 कोटी 9 लाख 60 हजार. चाराने भागा. एका डावाला आले 1 कोटी 77 लाख 40 हजार. हातात आहेत 1 कोटी. म्हणजे कागदावर डोळे मिटून खेळणंसुद्धा फायद्याचं!

तरीही तिथे पोचलेला शहाणा माणूस सहसा थांबतो. कागद खोटा आहे का? हिशेबात चूक नाही, पण त्यात एक शब्द चोरून आत आला आहे: 'चार वेळा'. खुर्ची चार वेळा मिळत नाही. आयुष्यात एकदाच मिळते. सरासरी कामाला येते वाहिनीच्या. तिच्यासमोर शेकडो माणसं बसतात, एक चुकतो, एक जिंकतो, तिचा ताळेबंद जुळतो. समोर बसलेल्याचा ताळेबंद एका उत्तरात मिटतो.

आणखी एक गोष्ट. पहिला रुपया आणि शेवटचा रुपया यांचं वजन सारखं नसतं. डॅनिएल बर्नुली नावाच्या गणितज्ञाने 1738 मध्येच हे मांडून ठेवलंय. तीच रक्कम गरिबाला जेवढी भारी, तेवढी श्रीमंताला नसते. पहिल्या कोटीत घर, मुलांचं शिक्षण, म्हातारपण सगळं बसतं. त्यावरच्या सहा कोटींत आणखी काय बसवणार? पण पहिला कोटी गेला तर घरच जातं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये हे आमच्या आजीला बर्नुली न वाचता ठाऊक होतं. आबाजींनाही होतं.

सगळेच खेळ असे जिवाला घोर लावणारे नसतात, हेही खरं. 2004 पासून आदेश बांदेकर भावोजींनी 'होम मिनिस्टर'मधून पैठणी घरोघरी पोचवली. त्याची गोडी अशी लागली की आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात, गावोगावच्या मंडळांत, 'खेळ पैठणीचा' हा आता ठरलेला कार्यक्रम. फुगे फुगवायचे, तोंडात चमचा धरून लिंबू न्यायचं, नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं. हरली तर वहिनी हसत खाली उतरते, येताना जे होतं ते जाताना आहेच. पणाला काही लागलेलं नसतं, म्हणून थांबायचा प्रश्नच येत नाही. हसून-हसून पोट दुखतं तेवढंच.

पण पुन्हा करोडपतीच्या खुर्चीकडे येऊ. 2011 च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यातली एक तरुण बाई अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसली होती. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर लेकरं आणि शेत सांभाळणारी. 6 लाख 40 हजार रुपये घेऊन ती गावी परतली. त्या रात्री जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं. मी मात्र नकळत आकडे मांडत होतो. 6 लाख 40 हजारांवर बसलेल्या माणसापुढे दोनच पर्याय उरले असं धरा. कागद म्हणतो, खेळ. जिंकलं तर साडेबारा लाख, हरलं तर 3 लाख 20 हजार, सरासरी 7 लाख 85 हजार. पण ज्या घराने एक डाव उधळलेला पाहिला आहे, त्या घराला सरासरी कोणत्या तोंडाने सांगायची?

दुसऱ्या दिवशी आबाजी भेटले. आता थकले होते. मी त्यांना माझा हिशेब ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, तिथं बरं हाय. तो मानूस इचारते तरी, खेळता का थांबता. आपल्याले कोन इचारते?"

मी निरुत्तर झालो. मृग निघाला, एक पाऊस पडला, की बियाण्याचं पाकीट फोडायचंच. पाऊस दडी मारतो, रोप करपतं, मग दुबार पेरणी. तेव्हा 'मी थांबतो' म्हणायची सोय नसते. शिवाय त्या खुर्चीवर गमावायचा पैसा खेळानेच दिलेला असतो. इथे पणाला लागतो तो सोसायटीचा, सावकाराचा, बायकोच्या पोतीचा. पडाव म्हणाल तर आपल्याकडे त्याला हमीभाव म्हणतात. पडाव खरा कधी? पाय घसरल्यावर तो पायाखाली असला तर.

एवढं बोलून थांबलो असतो, तर भाषण उदास झालं असतं. पण आबाजींनी मला तसं परत जाऊ दिलं नाही. हात धरून धुऱ्यावर घेऊन गेले. समोर पऱ्हाटी उभी होती. आठ-दहा ओळी पऱ्हाटीच्या, मग एक ओळ तुरीची. पुन्हा आठ-दहा ओळी, पुन्हा तूर. आयुष्यभर पाहिलेलं शेत, त्यात नवीन काय पाहायचं, मला कळेना.

"हे तुमच्या त्या खेळातलं," ते म्हणाले. "पऱ्हाटीनं दगा देला तं तूर रायते. तिची मुळी खोल. पानी उशिरा गेलं तरी दम धरते. माह्या बापानं लावली, त्याच्या बापानं लावली. पडाव कोनी देत नाही गुरुजी, आपला आपन पेरा लागते."

त्या वर्षी कापूस कसा झाला ते मला आठवत नाही. संक्रांतीच्या सुमारास मात्र आबाजींच्या नातवाने तुरीच्या डाळीची थैली घरी आणून दिली होती, ते आठवतं.