फॅगिन आणि एलायझा डेव्हिस यांचे पत्र



डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीतला फॅगिन, पोरांना पाकीटमारी शिकवणारा म्हातारा ज्यू, पहिल्यांदा दिसतो तो लाल, पिंजारलेल्या केसांचा आणि हातात काटा घेऊन विस्तवाजवळ उभा असलेला. इंग्रज वाचकाला हे ध्यान नवे नव्हते. रंगभूमीवरचा सैतान आणि येशूचा घात करणारा ज्यूडास पिढ्यान्‌पिढ्या असाच रंगवला जात होता. ज्यू ख्रिस्ती मुले पळवतात ही अफवा तर मध्ययुगीन कवी चॉसरच्याही आधीची. १२९० साली इंग्लंडने ज्यूंना हाकलले. पुढची साडेतीनशे वर्षे उघडपणे ज्यू म्हणवून घेणारा माणूस तिथे जवळजवळ नव्हताच, पण नाटकातला ज्यू मात्र कुठेच गेला नाही.

फॅगिनच्या घरात शनिवारचा शब्बाथ नाही, सण नाही, प्रार्थना नाही. विस्तवावर तो भाजतो आहे सॉसेजेस, बहुधा ज्यूंना वर्ज्य असलेल्या डुकराच्या मांसाचे! आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनी निदान त्यांची रीत पाहिली होती. डिकन्सने फॅगिनला नाक दिले, लोभ दिला आणि त्यापलीकडे ज्यूपणाचे काहीच दिले नाही.

ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः आली. सुमारे पंचवीस वर्षांनी, १८६३ मध्ये, एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहिले. त्यांच्या पतीनेच १८६० साली डिकन्सचे लंडनमधले घर विकत घेतले होते. पत्र एका धर्मादाय कामाच्या वर्गणीसाठी होते, पण बाईंनी त्यात सरळ विचारले, की गोरगरिबांची बाजू घेणाऱ्या लेखकाने आमच्याविषयीच्या तिरस्काराला खतपाणी का घालावे?

डिकन्सने वर्गणी पाठवली आणि बचावही केला, तो असा: त्या काळी असले गुन्हेगार बहुधा ज्यूच असत, पुस्तकातले इतर दुष्ट लोक ख्रिस्तीच आहेत, आणि फॅगिनला ज्यू म्हटले ते धर्मावरून नव्हे, वंशावरून. बचाव म्हणून केलेले हे शेवटचे विधान मला तर कबुलीजबाबच वाटते. धर्म माणूस बदलू शकतो, वंश कसा बदलणार? त्याच कादंबरीतला दरोडेखोर बिल साइक्स आपली जोडीदारीण नॅन्सी हिला ठार मारतो. त्याला डिकन्स एकदाही ‘तो ख्रिश्चन’ म्हणत नाही. तो साइक्सच राहतो, त्याचे पाप त्याच्यापुरते राहते. फॅगिनला मात्र पानोपानी ‘तो ज्यू’ म्हटले आहे, शेकडो वेळा.

तरीही डिकन्सने ऐकले, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४–६५) मध्ये त्याने राया हा सज्जन ज्यू आणला. खरा सावकार ख्रिस्ती, शिव्या खायला पुढे केलेला राया. योजना धारदार आहे, पण माणूस उभा राहत नाही. राया इतका साधा, इतका सोशिक, की पान उलटताच विसरला जातो. फॅगिन वाईट असूनही जिवंत आहे. एका ज्यूला सैतान केल्याची भरपाई दुसऱ्याला संत करून होत नाही. दोघांनाही माणूस होता आले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट डिकन्सने १८६७ च्या आवृत्तीत केली. छपाईसाठी जुळणी अजून व्हायची होती त्या शेवटच्या भागात त्याने ‘तो ज्यू’ खोडून बहुतेक ठिकाणी ‘फॅगिन’ किंवा ‘तो’ घातले. फाशीच्या आदल्या रात्रीच्या प्रकरणाचे नावही बदलले. त्याआधीचा भाग जुळवून झाला होता, तो तसाच राहिला. त्यामुळे बऱ्याच प्रचलित प्रतींत एकाच पुस्तकात दोन डिकन्स वाचायला मिळतात.

डेव्हिड लीनच्या १९४८ च्या चित्रपटात फॅगिनची भूमिका करणाऱ्या ॲलेक गिनेसला कादंबरीसाठी क्रुइकशँकने काढलेल्या मूळ चित्रांबरहुकूम भले मोठे नाक लावले. नाझी छळछावण्या मुक्त होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शने झाली, अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत अडला आणि काटछाट होऊनच आला.

हे पुस्तक मुलांच्या हातून काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. अनाथ पोरांच्या भुकेबद्दल इतके झोंबणारे फार थोडे लिहिले गेले आहे. शिक्षकांना आणि आईबापांना एवढीच विनंती करतो, की मुलांना ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ द्याल तेव्हा एलायझा डेव्हिस यांच्या पत्राची हकीकतही सांगा.