गोळी, थाळी आणि पुढारी
(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. औषधावर बोलायचा तुला काय अधिकार, असं एखादा पांढरपेशा विचारील. अधिकार एवढाच, की साथ आली की आपल्या चाळी-झोपड्या आधी चिरडल्या जातात. म्हणून बोलणार.

आपल्यातलाच एक पोरगा डी. फार्म. होऊन औषधाच्या दुकानात उभा असतो. करोनाची साथ त्यानं काउंटरमागून बघितली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा डंका पिटला. इथं आयसीएमआरनं ती करोना रुग्णांची सेवा करणाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली. झालं! ज्याच्या खिशात पैका त्यानं पाकिटंच्या पाकिटं उचलली. हा पोरगा सांगतोय, बाबांनो, उगाच घेऊ नका, काळजावर परिणाम होतो. गिऱ्हाईक म्हणतं, टीव्हीवरचा मोठा साहेब खुळा आणि तू शहाणा?

२६ मार्चला सरकारनं ती गोळी शेड्यूल एच-१ मध्ये टाकली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाय, विकली तर वहीत नोंद. तोवर फळी रिकामी. संधिवाताची, ल्युपसची जी बाई ह्याच गोळीवर उभी, ती हात हलवत घरी. ५ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीनं साडेचार हजारांवर रुग्ण तपासून सांगितलं : इस्पितळात दाखल झालेल्यांचं मरण ही गोळी टाळत नाही.

शहाणपण आलं? नाय. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना म्हणाली, करोनासाठी आयव्हरमेक्टिन फक्त चाचण्यांमध्येच वापरा. मे महिन्यात गोवा सरकारनं अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनाच ती द्यायचं जाहीर केलं!

२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या. सांगणं होतं, सेवकांचे आभार माना. अफवा उठली, आवाजानं विषाणू मरतो. दोन दिवसांनी रात्री आठला पंतप्रधानांनी टाळेबंदी पुकारली, चार तासांत लागू. थाळी वाजली ती भरलेल्या घरात. रिकामी थाळी घेऊन आपला माणूस गावाकडं पायी निघाला.

आता घरातलं बोलू. पँथरच्या चळवळीतून आलेले रामदास आठवले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रात मंत्री असताना गेटवे ऑफ इंडियाला त्यांनी 'गो कोरोना'चा जप केला. भिक्खू सोबत उभे. ऑक्टोबरात मंत्र्यांनाच करोना झाला. आजारावर मी हसत नाही. पण बुद्धानं सांगितलं, तपासून घ्या. त्याच्या नावानं मंत्र कसला म्हणता?

पुढारी कसा असावा? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगानंच गेल्या. त्याच साली मुंबईत हाफकिननं प्लेगाची लस आधी स्वतःच्या अंगात टोचली, मग लोकांच्या. एकीनं रोगी उचलला, एकानं पुरावा दिला.

पुढच्या साथीत कुणी गोळी दाखवली तर तोंडावर विचारा : कुणावर तपासली? किती जणांवर? आणि वस्तीत पाणी, खाट, डॉक्टर कधी पाठवतोस? उत्तर नसेल तर तो पुढारी आपला असला तरी खाली उतरवा.

जय भीम!