आवड, पगार आणि एका गीताच्या दोन वाटा

(बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता खासगी स्वरूपाचा आहे. हाती असलेली पगाराची नोकरी सोडून आपल्या आवडीच्या कामाकडे वळावे काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी बसून सोडवावा, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांत शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, कचेरीतील लिपिक आहेत. त्यांच्या निर्णयाचा परिणाम घरातील माणसांवर तर होतोच, शिवाय वर्गातील मुलांवर आणि कचेरीत खेटे घालणाऱ्या शेतकऱ्यावरही होतो. म्हणून त्याचा विचार चारचौघांत होणे योग्य ठरेल.

या विचारासाठी दूरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याशी निगडित असे एक उदाहरण आहे आणि ते एका गीताभोवती गुंफलेले आहे. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली याच जिल्ह्यातील सेंदूरजन येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी मेहकर येथे वकिली केली. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघरी पोहोचली. ती गायिली होती गो. ना. उर्फ जी. एन. जोशी यांनी. योगायोग असा की जोशी यांचाही जन्म १९०९ सालचा, आणि तेही वकीलच. त्यांची वकिली नागपूरची होती. मराठी भावगीताच्या आरंभकाळातील एक महत्त्वाची ध्वनिमुद्रिका म्हणून ‘शीळ’चा उल्लेख होतो.

या एका गीताने दोन वकिलांना कीर्ती दिली. त्यानंतर मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. जोशी यांनी १९३८ साली वकिली सोडली आणि ते मुंबईस ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या ध्वनिमुद्रण कंपनीत दाखल झाले. देशपांडे मेहकरातच राहिले आणि वकिलीही त्यांनी सोडली नाही. त्यांचा ‘शीळ’ हा पहिला काव्यसंग्रह १९५४ साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ साली ‘अभिसार’ आणि १९८५ साली ‘खूणगाठी’ हे संग्रह आले. ‘खूणगाठी’स १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

या दोघांपैकी शहाणा कोण, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. तो मोह आवरून आपण दोन्ही वाटांचा हिशेब थोडा बारकाईने पाहू.

प्रथम जोशी यांची वाट पाहू. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतात की पाहा, त्यांनी धाडस केले. धाडस होते यात संशय नाही. परंतु तारखा नीट पाहिल्या तर असे दिसते की ध्वनिमुद्रिका आधी लोकप्रिय झाली आणि वकिली काही वर्षांनी सुटली. गाण्याला श्रोता आहे, हे नोकरीच्या निर्णयापूर्वीच सिद्ध झाले होते. दुसरे असे की त्यांनी पगार सोडून छंद धरला, असेही नव्हे. नवख्या वकिलाची मिळकत महिन्यागणिक बदलणारी असते. कंपनीतील पद हे वेतनाचे पद होते. म्हणजे येथे आवड आणि वेतन एकाच बाजूला आले होते. अशी संधी सर्वांना मिळत नाही, ही गोष्ट त्यांचे उदाहरण देताना विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कंपनीत जोशी यांचे मुख्य काम इतरांचे गायनवादन मुद्रित करण्याचे होते. बुजुर्ग कलावंतांना ध्वनिमुद्रणास राजी करणे, त्यांच्या वेळा सांभाळणे, तासाभराचा राग तबकडीच्या मोजक्या मिनिटांत कसा बसेल हे पाहणे, अशी ती कामगिरी होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या वादनाची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे निर्माते जोशीच होते. संगीतावर त्यांचे हे मोठे उपकार आहेत. पण ज्याला गाण्याची आवड आहे त्याने ध्यानी घ्यावे की आवडीचे क्षेत्र आणि आवडीचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षेत्र बदलले तरी तेथे कचेरी असते, हिशेब असतो, वरिष्ठ असतात. चित्रकलेची आवड असणारा शिक्षक नोकरी सोडून फलक रंगविण्याचे दुकान काढतो, तेव्हा त्याच्या दिवसाचा बराच भाग गिऱ्हाइकांची बोलणी आणि उधारीची वसुली यांत जातो. हे ज्याला मान्य असेल त्याने खुशाल जावे. ज्याला केवळ चित्रे काढावयाची आहेत त्याला कदाचित रविवार आणि सुट्ट्या अधिक मानवतील.

आता देशपांडे यांची वाट. तालुक्याच्या गावी वकिली करून कविता लिहिणे, ही तडजोड होती असे कोणी म्हणू शकेल. पहिला संग्रह पंचेचाळिशीत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या संग्रहांत बावीस वर्षांचे अंतर. या वाटेवर वाट पाहावी लागते, हे उघड आहे. परंतु या वाटेने त्यांना एक स्वातंत्र्यही दिले. कवितेवर घर चालवावयाचे नसल्याने मागणीप्रमाणे लिहिण्याची गरज त्यांना पडली नाही. शिवाय मेहकर सोडले नाही म्हणून मेहकर त्यांच्या लेखनात आले. मेहकरजवळील कंचनीच्या महालाचे भग्नावशेष आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘कंचनीचा महाल’ हे त्यांच्या एका काव्यसंग्रहाचे नाव आहे.

या वाटेने जाणारे ते आपल्याकडील पहिलेच नव्हेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे मराठी विनोदी वाङ्मयाचे जनक मानले जातात. ‘सुदाम्याचे पोहे’ हे त्यांचे पुस्तक आणि ‘मूकनायक’सारखी त्यांची नाटके सर्वपरिचित आहेत. तेही पेशाने वकील होते आणि त्यांच्या वकिलीचा बराच काळ आपल्याच जिल्ह्यातील खामगाव–जळगाव जामोद या भागात गेला. राम गणेश गडकरी त्यांना गुरुस्थानी मानीत. १९२७ साली पुणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. पुण्यामुंबईच्या नाटक मंडळ्यांसाठी लिहिणारा हा नाटककार वऱ्हाडातील पक्षकारांची कागदपत्रे तपासून आपला चरितार्थ चालवीत होता.

उलट बाजूचे एक नाव घ्यावयाचे तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे घेता येईल. तेही कायद्याचे पदवीधर. त्यांनी काही काळ वकिली केली आणि मग ती बाजूस ठेवून आयुष्य संगीतशास्त्राला वाहिले. देशभर फिरून घराण्यांतील चिजा गोळा करावयाच्या आणि त्यांची शास्त्रीय मांडणी करावयाची, हे त्यांचे कार्य उरलेल्या वेळात होण्यासारखे नव्हते. त्यास संपूर्ण आयुष्यच हवे होते. यावरून पहिली कसोटी हाती लागते. आपल्या आवडीच्या कामाला दिवसाचे किती तास लागतात, आणि ते तास सलग लागतात की तुकड्यांनी चालतात, हे प्रथम ठरवावे. कविता पहाटे लिहिता येते. शंभर गाईंचा गोठा पहाटेच्या एका तासात चालविता येत नाही.

दुसरी कसोटी पैशाची. ती कागदावर मांडल्याखेरीज निर्णय घेऊ नये. उदाहरणादाखल असे धरा की एका कर्मचाऱ्याच्या हाती दरमहा ५०,००० रुपये येतात. घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांची औषधे यांस ३०,००० लागतात आणि कर्जाचा हप्ता ८,००० आहे. म्हणजे ३८,००० रुपये टाळता न येण्याजोगे. आवडीच्या कामातून आज सरासरी ६,००० मिळतात. तूट ३२,००० ची. अशा वेळी ३,८४,००० रुपयांची शिल्लक बरोबर एक वर्ष पुरेल. हीच मिळकत आधी २०,००० पर्यंत नेता आली तर तूट १८,००० वर येते आणि तीच शिल्लक एकवीस महिने पुरते. नोकरीत असतानाच त्या कामाची मिळकत वाढवून पाहण्यात किती अर्थ आहे, हे यावरून कळेल. या आकड्यांत निवृत्तिवेतन, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती व भरपगारी रजा धरलेली नाही. त्यांचे मोल पगारपत्रकावर दिसत नाही, पण आजारपणात दिसते.

तिसरी कसोटी नियमांची. याबाबत आपल्यापैकी अनेकांच्या मनात गैरसमज आढळतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास खासगी व्यापार वा दुसरी नोकरी पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. परंतु प्रसंगोपात्त स्वरूपाचे वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय कार्य, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, त्याला मोकळे ठेवलेले आहे. तसेच राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये राजीनाम्याने पूर्वीची सेवा सर्वसाधारणपणे निष्फळ ठरते. उलट वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असता, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते व निवृत्तिवेतनाचा हक्क टिकतो. अठराव्या वर्षी उतावीळपणे दिलेला राजीनामा जन्मभर महाग पडू शकतो. ज्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर झाली त्यांच्यासाठी अंशदानावर आधारलेली योजना आली, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. जिल्हा परिषदेच्या व खासगी शाळांच्या सेवकांना त्यांचे त्यांचे नियम लागू आहेत. पाऊल उचलण्यापूर्वी ते मुळातून वाचावेत.

चौथी कसोटी घराची. हा निर्णय एकट्याचा नसतो. पगार एकाच्या नावे येतो, परंतु तो गेल्यावर काटकसर करावी लागते ती घरातील गृहिणीला आणि मुलांना. ज्या घरी पत्नीशी बोलण्यापूर्वीच राजीनामा टंकलिखित होतो, त्या घरी त्यास त्याग म्हणता येणार नाही. त्याग करणाऱ्याने आपल्या वाट्याचे द्यावे, दुसऱ्याच्या वाट्याचे नव्हे. आणि आवड केवळ पुरुषालाच असते असे नाही. घरातील शिक्षिकेला, अंगणवाडी सेविकेला तिची आवड जोपासण्यास वेळ मिळतो काय, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारला जावा.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न ज्यांना नोकरी आहे त्यांचाच आहे. आपल्याच जिल्ह्यातील कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण नोकरी न मिळाल्याने कोरडवाहू शेतीत अडकला आहे. असे तरुण आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे शासकीय पद सहज सोडून देणे त्यांना कोड्यात टाकते. याचा अर्थ असा नव्हे की त्यांच्याकडे पाहून आपण आयुष्यभर नको त्या खुर्चीत बसावे. ज्याचे मन वर्गात नाही त्या शिक्षकाची किंमत चाळीस मुले देत असतात. अशा शिक्षकाने पद मोकळे केले तर ते प्रामाणिक कृत्य होईल. मात्र जो पदावर राहील त्याने पूर्ण मनाने राहावे. पगार येथे आणि मन अन्यत्र, अशी तिसरी वाट मात्र नाही. देशपांडे आणि कोल्हटकर यांनी दोन कामे केली याचा अर्थ त्यांतील एक वाऱ्यावर सोडले असा घेऊ नये.

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. गावातील भजनी मंडळाचा पेटीवादक, मूर्ती घडविणारा तरुण, नाटक बसविणारे गुरुजी यांना नोकरी सोडावीशी वाटते, कारण नोकरीनंतर आवड जोपासण्यास गावात जागाच नसते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ पासून आहे. गावातील ग्रंथालय संध्याकाळी उघडे राहिले, समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून दोन दिवस तालमीसाठी मिळाली, तर कित्येकांपुढील पेच मुळातच हलका होईल.

सारांशाने सांगावयाचे तर कामाला लागणारे तास मोजावेत, तूट कागदावर मांडावी, नियम वाचावेत आणि घरच्यांशी बोलावे. एवढे करूनही मन त्याच वाटेकडे ओढ घेत असेल, तर त्याने संकोच न करता निघावे. आणि ज्याचा हिशेब जुळत नसेल त्याने स्वतःस भेकड समजू नये. मेहकरच्या न्यायालयात उभे राहणाऱ्या एका वकिलाच्या कवितेवरून त्याची वकिली वजा करावी, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.