वाद्य, वादक आणि बिदागी



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने वाद्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वाद्य हे वादकाचे अवजारच होय, आणि अवजाराविषयी बोलण्याचा आमचा हक्क जुना आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे हळदीच्या रात्री बँजो पार्टी येते. तिच्यात कीबोर्ड असतो. तो कोणत्याही कंपनीचा असो, लोक त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. मुरबाडच्या बाजूला एका वादकाकडे मी याच जातीचे एक जुने वाद्य पाहिले. बाजारात शेकडो नादांचे नवे, हलके कीबोर्ड मिळत असता हा गृहस्थ आपली सुमारे १४ किलोंची ती पेटी विकायला तयार नाही. तिचे नाव यामाहा डीएक्स-७.

हे जपानी वाद्य १९८३ साली निघाले. ६१ पट्ट्या आणि एका वेळी १६ स्वर. पोटातली कल्पना मात्र जॉन चाउनिंग या अमेरिकन संगीतकाराची. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तो संगणकावर स्वराचा कंप वाढवून पाहत होता. गवई स्वराला आंदोलन देतो, तशातलाच हा प्रकार. कंप अतिशय जलद झाला, तेव्हा तो कंप म्हणून ऐकू येईना. त्याच्या जागी निराळाच नाद उमटला. एका साध्या लहरीने दुसरीला हलवावे आणि त्यातून घंटेचा टणत्कार निघावा, अशी ही किमया. डीएक्स-७ मध्ये प्रत्येक स्वरामागे अशा ६ लहरी असतात, आणि त्या परस्परांना जोडण्याच्या ३२ रीती.

वादकाला मोह पडतो तो कशाचा? पट्टीवर बोट जोराने पडले की नाद केवळ मोठा होत नाही, त्याचा पोतही पालटू शकतो. हार्मोनियमला मींड नाही. येथे डाव्या हाताशी चाक आहे, ते फिरवले की स्वर सरकतो. आणि मुख्य म्हणजे नाद स्वतः घडवता येतो. काम किचकट आहे. बहुतेकांनी कारखान्याने भरून दिलेले नादच वाजवले. आमच्या या वादकाने मात्र रात्री जागून सनईच्या जवळ जाणारा एक नाद बांधला. पुढे आतला सेल संपला आणि साठवलेले ३२ही नाद पुसले गेले. परंतु त्याने प्रत्येक आकडा वहीत उतरवून ठेवला होता. सेल बदलला, वही उघडली आणि सनई पुन्हा उभी केली.

ही झाली एक बाजू. आता दुसरी. पेटीतून सनई निघू लागली, तर सनईवाल्याने जावे कोठे? मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसत. विजेची वाद्ये आली आणि त्या रांगा आटल्या. १९८२ साली ब्रिटनच्या वादक संघटनेच्या लंडनमधील एका शाखेने सिंथेसायझरवर बंदी मागणारा ठराव केला. तरुणपणी मी तेथे असतो, तर हात वर केला असता.

आज करणार नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे चालवली. म्हणून आपल्या भजनातली पेटी बंद पडली काय? बंदीने वाद्य जात नाही. प्रश्न विचारायचा तो निराळा आहे: पाचांचे काम एकटा करू लागला, तर उरलेल्या चौघांची मजुरी गेली कोणाच्या खिशात?

मी त्या वादकाला विचारले, “पाचांची बिदागी तुम्हांला एकट्याला मिळते का हो?”

तो हसून म्हणाला, “भाऊ, एकाचीसुद्धा पुरी मिळत नाही.”

मित्रहो, यंत्र चोर नाही. त्या पेटीतला सेल संपतो, पण वहीतले ज्ञान वादकाचे राहते. त्या ज्ञानाचा मोबदला त्याच्याच पदरात पडावा, एवढ्यासाठी आम्ही संघटना बांधतो. येत्या हळदीला सुपारी ठरवताना त्या वहीची आठवण ठेवा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.