अक्षरांचा पोत आणि अक्षरांचे रूप
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शाळेची भिंत हे खेड्यातील बालकाचे पहिले पुस्तक होय. पाठ्यपुस्तक दप्तरात मिटलेले असते. भिंत मात्र दिवसभर उघडी असते. मूल पाटीवर लिहिता लिहिता मान वर करते आणि समोरचे अक्षर पाहून आपले अक्षर ताडून घेते. म्हणून भिंतीवर लावलेल्या प्रत्येक तक्त्यावर, प्रत्येक शब्दपट्टीवर एक जबाबदारी आहे. तक्ता सुंदर असावा, हे खरे. परंतु त्यावरील अक्षर संशयरहित असावे, हे त्याहून खरे. संगणकाच्या साहाय्याने पोत भरलेली, म्हणजे माती, दगड, धान्य, कापड यांचा भास देणारी, शोभिवंत अक्षरे कशी तयार करावी आणि तसे करताना अक्षराचे रूप कसे सांभाळावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पूर्वी असे तक्ते गुरुजी स्वतः कुंचल्याने रंगवीत, अथवा गावातील रंगारी रंगवून देत असे. हाताने काढताना नजर प्रत्येक वळणाबरोबर फिरत असे, त्यामुळे चूक झालीच तर ती तेथल्या तेथे ध्यानात येई. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी नाटकाचा आशय अक्षरांच्या वळणात उतरविण्याची कला सिद्ध केली. अक्षरास अलंकार घालता येतो, पण तो अक्षराच्या अंगावर शोभला पाहिजे, हे त्यांच्या कामापासून शिकण्यासारखे आहे.

आता हेच काम संगणकावर होऊ लागले आहे. फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला आणि १९९४ साली त्यात थरांची सोय झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ‘गिम्प’ या कार्यक्रमाचे काम आरंभिले व १९९६ साली तो सर्वांस खुला केला. गिम्प विनामूल्य मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. शाळेच्या सादिलातून एक पैसाही न वेचता तो वापरता येतो, म्हणून पुढील विवेचनात त्याचाच आधार घेतला आहे.

प्रथम दोन कल्पना स्पष्ट असाव्यात. पहिली कल्पना थराची. काचेची अनेक तावदाने एकावर एक ठेवावी, एकावर अक्षर असावे, दुसऱ्यावर चित्र, तिसऱ्यावर छाया, आणि वरून पाहणाऱ्यास सर्व मिळून एकच चित्र दिसावे, तशी ही रचना असते. एका तावदानावरील चूक पुसली तरी दुसऱ्यास धक्का लागत नाही. दुसरी कल्पना मास्कची. पोत्यांवर नाव रंगविण्यासाठी पत्र्याचा कोरलेला साचा वापरतात, तो बहुतेकांनी पाहिला असेल. साच्याच्या छिद्रातून तेवढा रंग पोत्यावर उतरतो, बाकीचा पत्र्यावर राहतो. मास्क हा असाच साचा आहे. त्यावर जेथे पांढरा रंग असेल तेथील चित्र दिसते, जेथे काळा असेल तेथील झाकले जाते. झाकलेला भाग नाहीसा होत नाही, ही यातील मोठी सोय होय.

आता एक उदाहरण घेऊ या. शब्द ‘धान्य’, आणि त्यात भरावयाचा पोत ज्वारीच्या दाण्यांचा.

ज्वारी सुपात पसरून तिचे छायाचित्र मोबाइलवर काढावे. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन असावे. भर दुपारी दाण्यांच्या सावल्या पडत नाहीत व चित्र सपाट येते. मोबाइल सुपाच्या बरोबर वर, समांतर धरावा. त्यानंतर गिम्पमध्ये ए-४ आकाराचा आडवा कोरा कागद घ्यावा. इंचास ३०० पिक्सेल या हिशेबाने त्याची लांबी ३५०८ व उंची २४८० पिक्सेल भरते. बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र सामान्यतः ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे असते, म्हणजे ते या कागदास पुरून उरते. लहान चित्र ताणून मोठे केल्यास दाणे पुसट होतात, म्हणून हा हिशेब आधीच करावा.

कागदावर ‘टेक्स्ट’ या साधनाने ‘धान्य’ हा शब्द युनिकोड पद्धतीने लिहावा. अक्षराचा टंक जाड असावा, कारण बारीक रेषेत दाण्याचा आकार मावत नाही आणि पोत म्हणजे केवळ घाण असे वाटू लागते. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात व त्यांचे जाड प्रकार या कामास योग्य आहेत. मग ज्वारीचे छायाचित्र ‘ओपन ॲज लेयर्स’ या आज्ञेने वरच्या थरावर आणावे. शब्दाच्या थरावर उजवी कळ दाबून ‘अल्फा टू सिलेक्शन’ म्हणावे. शब्दाच्या कडेने तुटक रेषा फिरू लागते. त्यानंतर छायाचित्राच्या थरावर जाऊन ‘ॲड लेयर मास्क’ घ्यावे व त्यात ‘सिलेक्शन’ हा पर्याय निवडावा. तत्क्षणी बाहेरची ज्वारी झाकली जाते आणि दाण्यांनी भरलेला शब्द तेवढा उरतो.

ही किमया पाहून नवशिक्यास आनंद होतो आणि येथेच थांबावे असे वाटते. तथापि खरे काम येथून पुढे आहे. ज्वारीचे दाणे फिके असतात, कागद पांढरा असतो. त्यामुळे अक्षराची कड कागदात विरघळते. हा दोष घालविण्यासाठी शब्दाभोवती गडद बाह्यरेषा देतात. निवड कायम ठेवून ‘सिलेक्ट’ मधील ‘ग्रो’ या आज्ञेने ती वाढवावी, छायाचित्राच्या खाली नवा थर घ्यावा आणि तो गडद तपकिरी रंगाने भरावा, एवढीच कृती. परंतु या साध्या कृतीतच मोठा धोका दडलेला आहे.

देवनागरीत ‘ध’ आणि ‘घ’ यांतील मुख्य भेद कोणता? ‘घ’ ची शिरोरेषा अखंड आहे. ‘ध’ ची डावीकडे तुटलेली आहे व तेथे लहानशी गाठ आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांतही शिरोरेषेचा हा खंड असाच निर्णायक ठरतो. म्हणजे देवनागरीत कोरी जागा हीसुद्धा अक्षराचा अवयव आहे. बाह्यरेषा १२ पिक्सेलने वाढविली, तर इंचास ३०० या प्रमाणात ती सुमारे एक मिलिमीटर होते. पण ती खंडाच्या दोन्ही बाजूंनी वाढते. अर्थात् २४ पिक्सेलपर्यंतचा, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचा, खंड पार बुजून जातो. मग भिंतीवर ‘धान्य’ लिहिले असताही मूल ‘घान्य’ वाचते. ‘धडा’ चा ‘घडा’ होतो, ‘भाजी’ ची ‘माजी’ होते. वाचता येणाऱ्या प्रौढास हा दोष जाणवतही नाही, कारण तो संदर्भावरून शब्द ओळखतो. पहिलीतील मुलाजवळ संदर्भ नसतो. त्याच्याजवळ केवळ आकार असतो. त्याने ‘घान्य’ वाचले तर ते त्याचे अज्ञान समजून त्यास टोकले जाते. वास्तविक त्याने जे दिसले ते अचूक वाचलेले असते. बालकास स्वतःच्या डोळ्यांविषयी अविश्वास वाटावयास लावणे, याहून मोठी हानी वर्गात क्वचितच होत असेल.

यावर उपाय सोपा आहे. बाह्यरेषा पाच-सहा पिक्सेलपेक्षा जाड करू नये. शब्द मोठा लिहावा, म्हणजे खंडही मोठा राहतो. तरीही खंड बुजलाच, तर बाह्यरेषेच्या थरावर खोडरबर फिरवून तो मोकळा करावा. दाणा खंडात डोकावत असेल तर मास्कवर काळ्या कुंचल्याचा एक फटकारा पुरतो. ‘ख’ च्या दोन भागांतील सांधा, अनुस्वाराचा बिंदू, रफार आणि उकाराचे टोक ही स्थळेही अशीच निरखून पाहावी.

पोताचा दुसरा दोष असा की, दोन दाण्यांमधील काळी फट छिद्रासारखी दिसते व डोळा अक्षराची रेषा सोडून दाणे मोजू लागतो. यासाठी ‘कलर्स’ मधील ‘ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट’ वापरून छायाचित्रातील काळे-पांढरे अंतर कमी करावे. पोत जाणवावा, पण ओरडू नये. छाया द्यावयाची असल्यास ती एकाच दिशेस, थोडी व मऊ असावी. छाया दाट झाली की एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात.

आणखी एक गोष्ट मराठी शिक्षकाने विशेष लक्षात ठेवावी. अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीत रूढ असलेली रूपे येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरी लिपी व वर्णमाला प्रमाणित केली आहे आणि पाकळीचा ‘ल’ मुलांच्या बोटांत बसविण्यासाठी शिक्षक वर्षभर श्रम घेतात. त्याच मुलासमोर भिंतीवर दंडाचा ‘ल’ टांगला, तर त्याने कोणाचे खरे मानावे? गिम्पच्या टेक्स्ट साधनात भाषा निवडण्याची सोय आहे. तेथे मराठी निवडल्यास, ज्या टंकात मराठी रूपे अंतर्भूत आहेत तो टंक ती रूपे दाखवितो. ज्यात ती नाहीत, तो टंक कितीही देखणा असला तरी पहिली-दुसरीच्या वर्गासाठी बाजूस ठेवावा.

तक्ता तयार झाला म्हणजे तो भिंतीवर लावण्यापूर्वी त्याची तीन प्रकारे परीक्षा घ्यावी. ‘कलर्स’ मधील ‘डीसॅच्युरेट’ या आज्ञेने तो क्षणभर रंगहीन करून पाहावा. रंग गेल्यावर अक्षर कागदात मिसळत असेल, तर कृष्णधवल छपाईत ते टिकणार नाही हे निश्चित समजावे. दुसरे, छापलेला कागद वर्गाच्या शेवटच्या रांगेतून पाहावा. तिसरी परीक्षा सर्वांत खरी. वाचावयास नुकतेच शिकलेले एक मूल बोलवावे, शब्दाचा अर्थ अगोदर न सांगता तो त्याच्याकडून वाचवून घ्यावा. मूल अडखळले तर मुलास काही न म्हणता तक्ता दुरुस्त करावा. मूळ काम गिम्पच्या ‘एक्ससीएफ’ या स्वरूपात जतन केलेले असेल तर सर्व थर कायम राहतात आणि दुरुस्तीस दहा मिनिटेही लागत नाहीत. छपाईसाठी मात्र ‘पीएनजी’ स्वरूपात निराळी प्रत काढावी.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. ‘माती’ हा शब्द मातीच्या पोताने लिहिला, ‘पाणी’ हा शब्द पाण्याच्या लाटांनी भरला, तर मूल अक्षर न वाचता चित्रावरूनच शब्द ओळखील काय? होय, ओळखील, आणि आरंभी तसे ओळखण्यास हरकत नाही. चित्राचा हात धरून मूल शब्दाजवळ येते. परंतु तो हात योग्य वेळी सोडविला पाहिजे. म्हणून प्रत्येक शोभिवंत शब्दाखाली तोच शब्द साध्या काळ्या अक्षरांत लिहावा, आणि पंधरा दिवसांनी वरचा शब्द झाकून खालचा वाचावयास द्यावा. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने ठेवले आहे. त्या उद्दिष्टास तक्त्याचे साहाय्य व्हावयाचे असेल, तर तक्त्याने मुलास अक्षराकडे न्यावे, अक्षरापासून दूर नेऊ नये.

पोतासाठी लागणारी चित्रे इतरांची उचलण्यापेक्षा गावातच काढावी. इतरांच्या चित्रांवर त्यांचा हक्क असतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सारवलेले अंगण, गोणपाट, विणलेली टोपली, भेगाळलेली काळी माती, घडीव दगडाची भिंत, बाभळीची साल यांत जे पोत आहेत, ते मुलाच्या बोटांना जन्मापासून ठाऊक आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना असे पोत शोधून आणावयास सांगावे. कोणता पोत कोणत्या शब्दास शोभेल, यावर त्यांचा वाद होऊ द्यावा. ‘आजी’ हा शब्द गोधडीच्या पोताने भरावा असे एखादे मूल सुचवील, तेव्हा त्याने चित्रकला, भाषा आणि जिव्हाळा यांचा एकाच वेळी धडा घेतलेला असेल.

संगणक हे साधन वेगवान आहे; परंतु ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद त्यास महत्त्वाचा वाटत नाही. तो शिक्षकासच वाटतो. एका क्षणात शंभर अक्षरे सजविणाऱ्या यंत्रासमोर बसून, शिरोरेषेतील दोन मिलिमीटरची कोरी जागा जो शिक्षक जपतो, त्याने पहिलीच्या वर्गातील एका मुलाचा आत्मविश्वास जपलेला असतो. शाळाशाळांच्या भिंतींवर अशी सुंदर आणि प्रामाणिक अक्षरे दिसोत, ही अपेक्षा.