हात थांबल्यावर



आम्ही शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा डॉक्टरी भाषेची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. सिहोऱ्याच्या या पंचक्रोशीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाया आपण पाहत आलो आहोत. त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणजे दवाखान्यात का जात नाहीत, एवढेच आज बोलावयाचे आहे.

पैसा नाही म्हणून, असे आम्हीही वर्षानुवर्षे सांगत होतो. ते आता अर्धेच खरे आहे. १९७७ साली बिडी धंद्याला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला. घरी बसून वळणारीही त्यात येते, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे पेन्शन आली. ती किमान एक हजार रुपये, हे २०१४ साली ठरले. या आकड्यावर आम्ही काही बोलत नाही, आपण समजदार आहात. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी नि औषध फुकट झाले. एस.टी.त बाईमाणसाला अर्धे तिकीट, पंचाहत्तरी उलटल्यावर तेही नाही. सत्तरी गाठलेल्यांस २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड मिळू लागले. मात्र ते भरती झाल्यावर कामाचे. तंबाखूची धूळ खाऊन खोकणारी बाई त्याच्या कितीतरी आधी तपासली पाहिजे.

अशाच एका आजीला आम्ही विचारले. ती म्हणाली, "माझ्यापायी पोराचा रोज बुडते, भाऊ. अन् मी आता कोणत्या कामाची?"

पहिल्या बोलण्यात हिशेब आहे. तिला नीट दिसत नाही, पाटी वाचता येत नाही. सोबत कोणी तरी हवे, आणि त्याचा दिवस रांगेत जातो. औषध फुकट, दिवस महाग! दुसऱ्या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते आम्हीच तिला शिकविले होते. हजार बिड्यांच्या दरासाठी ती आमच्या मोर्चात उन्हातान्हात चालली. खोकला तेव्हाही होता. पेन्शनचा अर्ज भरून झाला आणि युनियनच्या वहीतून आम्ही तिचे नाव खोडले. वर्गणी बंद, नाव बंद.

ती वही आता पुन्हा काढली आहे. बाजाराच्या दिवशी युनियनचा एक पोरगा चार-पाच म्हाताऱ्यांना आरोग्य केंद्रात नेतो. त्याचा रोज वर्गणीतून देतो. काही सभासद कुरकुरले, कुरकुरोत बापडे.

आजी दोनदा आली. तिसऱ्या वेळी आम्ही घरी गेलो, तर पाने भिजत घातलेली आणि सूप मांडीवर. पेन्शन तिची चालू आहे. बिड्या सुनेच्या कार्डावर जातात.